यीस्टचे गुण दारूच्या खात्यावर कशाला?

यंदा मार्चमध्ये तासगावजवळ पाहुण्यांच्या बेदाणा शेडवर बसलो होतो. जाळ्यांवर द्राक्षं अंथरलेली, डिपिंग ऑईलचा वास सुटलेला, चहा आला आणि चर्चा फिरून फिरून वाईनवर आली. एकानं मोबाईल काढून वाचून दाखवलं की वाईन होताना यीस्ट (रस आंबवणारा एकपेशी जीव) मेलाटोनिन बनवतं, हायड्रॉक्सीटायरोसॉल बनवतं, म्हणजे झोपेला चांगलं, हृदयाला चांगलं, मग अशी औषधी गोष्ट किराणा दुकानात ठेवू देत नाहीत हा द्राक्षवाल्यांवर अन्यायच की. समोर एक माळकरी काका होते, ते म्हणाले जे सडवून तयार होतं ते विष, विषात गुण कसले शोधता. पुढचा अर्धा तास दोघं हेच उलटसुलट बोलत राहिले आणि बाकीचे अर्धे इकडं, अर्धे तिकडं. 2022 च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळानं 1000 चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं होतं ना, तेव्हापासून बघतोय, सांगलीत काय साताऱ्यात काय, वाद अजून तिथंच आहे. एक बाजू म्हणते वाईन म्हणजे दारू नाहीच, दुसरी म्हणते आंबवलेलं म्हणजे पापच.

माझं म्हणणं आधीच सांगतो. आंबवताना यीस्ट शरीराला उपयोगी पडतील असे रेणू बनवतं हे खरं आहे. पण तो गुण यीस्टचा आहे, अल्कोहोलचा नाही, आणि यीस्टचा गुण दाखवून अल्कोहोल विकणं ही लबाडी आहे. तसंच अल्कोहोल वाईट म्हणून यीस्टलाच विष म्हणणं हेही अडाणीपणाचं आहे. दोन्ही बाजूंची चूक एकच, दोघांनीही यीस्ट आणि दारू एकच धरलीय.

थोडं यीस्टकडं बघू. शिकत असताना पलूस भागातल्या एका वायनरीच्या लॅबमध्ये एक हंगाम काम केलंय, त्यामुळं हे डोळ्यांनी बघितलेलं आहे. पाकिटातलं कोरडं यीस्ट म्हणजे रव्याएवढे पिवळट तपकिरी दाणे, ते कोमट पाण्यात सोडायचे आणि पंधरा-वीस मिनिटं हात लावायचा नाही. आधी सगळे वर तरंगतात, मग एकेक दाणा ओला होऊन धुरासारखा खाली उतरतो, आणि बघता बघता वर साय धरल्यागत फेस येतो, बेकरीच्या दारात येतो तसा वास येतो. हे द्राक्षाच्या रसात गेलं की दोन-तीन दिवसांत टाकीला कान लावला तर आत पाऊस पडत असल्यासारखी रिपरिप ऐकू येते, तो कार्बन डायऑक्साईड. (टाकीत वाकून बघायचं नाही हे पहिल्याच दिवशी दरडावून सांगतात, त्या गॅसनं माणूस जागेवर पडतो.) आत काय चाललेलं असतं? साखर मोडून ऊर्जा काढायचं काम, एका ग्लुकोजमागं दोन रेणू अल्कोहोल आणि दोन कार्बन डायऑक्साईड. पण नुसत्या साखरेवर यीस्टचं भागत नाही, वाढायला नायट्रोजन लागतो आणि द्राक्षाच्या रसात तो बऱ्याचदा कमी पडतो. मग यीस्ट रसातली अमिनो आम्लं धरतं, त्यातला नायट्रोजन काढून घेतं आणि राहिलेला सांगाडा थोडा बदलून बाहेर टाकतं. आपण शेंगा फोडून दाणे घेतो आणि फोलपटं टाकतो, तसंच. 1907 मध्ये फेलिक्स एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञानं हा मार्ग दाखवला, अजून त्याच्याच नावानं ओळखतात. टायरोसिनचं फोलपट म्हणजे टायरोसॉल, फेनिलॲलॅनिनचं फोलपट म्हणजे गुलाबासारख्या वासाचा फेनिलइथेनॉल, ट्रिप्टोफॅनचं ट्रिप्टोफॉल. टायरोसॉलला अजून एक ऑक्सिजन चिकटला की हायड्रॉक्सीटायरोसॉल, ऑलिव्हच्या तेलात असतो तोच. आणि त्याच ट्रिप्टोफॅनपासून वेगळ्या वाटेनं, आधी सेरोटोनिन मग मेलाटोनिन, म्हणजे आपल्या मेंदूत रात्री जो रेणू झोपेची वेळ झाल्याचं सांगतो तोच रेणू एक पेशीचा जीव टाकीत बसून बनवतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस डोक्यातून जात नव्हतं.

म्हणजे मोबाईलवरचा मेसेज खोटा नव्हता. हे रेणू प्रयोगशाळेत मोजलेले आहेत आणि हायड्रॉक्सीटायरोसॉल चांगल्यापैकी ताकदीचं अँटिऑक्सिडंट आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2011 मध्ये ऑलिव्ह तेलाबद्दल मान्य केलं की हे रेणू रक्तातल्या एलडीएल चरबीला, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात तिला, ऑक्सिडेशनपासून वाचवायला मदत करतात. त्यामुळं 'वाईनमध्ये काही नसतंच' असं जे म्हणतात त्यांनी ते सोडून द्यावं, असतं.

पण किती असतं? इथंच सगळा वाद फसलाय, कारण किती हा प्रश्न कुणी विचारतच नाही. ऑलिव्ह तेलावर तो दावा छापायचा तर 20 ग्रॅम तेलात हायड्रॉक्सीटायरोसॉल आणि त्याच्या भावंडांचे मिळून निदान 5 मिलिग्राम पाहिजेत अशी अट आहे. 20 ग्रॅम तेल म्हणजे दीड-दोन चमचे. रेड वाईनमध्ये एका अख्ख्या लिटरला हायड्रॉक्सीटायरोसॉल काही मिलिग्रामच निघतो, म्हणजे तेवढ्यासाठी लिटरभर, कदाचित जास्तच वाईन प्यावी लागेल, आणि 12 टक्क्यांच्या एक लिटर वाईनमध्ये शुद्ध अल्कोहोल 95 ग्रॅमच्या आसपास असतं. पाच मिलिग्राम चांगल्यासाठी पंचाण्णव हजार मिलिग्राम अल्कोहोल, हा कसला औषधोपचार झाला? मेलाटोनिनचं तर बोलूच नका, झोपेच्या गोळीत ते मिलिग्राममध्ये असतं, वाईनमध्ये लिटरमागं नॅनोग्राम-मायक्रोग्राममध्ये. आणि ज्यानं ज्यानं पिऊन झोपून बघितलंय त्याला माहितीय की डोळा लवकर लागतो पण पहाटे दोन-तीनला जाग येते, कारण अल्कोहोल रात्रीच्या दुसऱ्या अर्ध्यातली झोप मोडतं.

रेझव्हेराट्रॉल, म्हणजे आयुष्य वाढवतं म्हणून गाजवलेला रेड वाईनमधला रेणू, त्याचं नाव तर प्रत्येक वादात येतंच, म्हणून तेही सांगतो. ते यीस्ट बनवत नाही, वेल बनवते, बुरशीशी लढताना, फळाच्या सालीत. डाऊनी-भुरीसाठी रात्र रात्र फवारणी करणाऱ्या आपल्या लोकांना ही लढाई समजावून सांगायला नको. 2006 मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग खूप गाजला, त्यात उंदरांना किलोमागं रोज 22 मिलिग्राम रेझव्हेराट्रॉल दिलं होतं. सरळ वजनाचा हिशोब लावला तर 60 किलोच्या माणसाला रोज तेराशे मिलिग्राम झालं, आणि रेड वाईनमध्ये ते लिटरला मोजके मिलिग्राम, म्हणजे दिवसाला शेकडो लिटर. शिवाय या विषयावर ढीगभर पेपर लिहिणाऱ्या एका संशोधकानं आकडेवारीत 145 ठिकाणी खाडाखोड, बनवाबनवी केली होती असं त्याच्याच कनेक्टिकट विद्यापीठानं 2012 मध्ये जाहीर केलं. ती बातमी किती जणांनी फॉरवर्ड केली?

अजून एक गोष्ट मुद्दाम लपवली जाते. टायरोसॉल ज्या कारखान्यात तयार होतो त्याच कारखान्यात ॲसिटाल्डिहाईडही तयार होतं, आणि पोटात गेलेल्या अल्कोहोलपासून आपलं लिव्हर तेच ॲसिटाल्डिहाईड परत बनवतं, ते आपल्या डीएनएला इजा करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं मद्य 1988 मध्येच पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे नक्की सिद्ध झालेल्या गोष्टींत, तंबाखूच्या शेजारी. त्यात वाईन, बिअर, व्हिस्की असा भेद नाही. यीस्टनं मूठभर बनवलेलं चांगलं मोजायचं आणि त्याच यीस्टनं पोतंभर बनवलेलं वाईट सोडून द्यायचं हा हिशोब कुठल्या दुकानदारानं तरी मान्य केला असता का?

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. फ्रान्समधले लोक लोणी-चीज दणकून खातात आणि तरी हार्टचे आजार कमी, कारण वाईन पितात, असा सिद्धांत 1991-92 मध्ये जगभर गेला, अमेरिकेच्या टीव्हीवर दाखवला आणि तिकडं रेड वाईनचा खप एकदम वाढला. नंतर बऱ्याच पाहण्यांत दिसलं की थोडी पिणारे अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात. हे आकडे खरे होते, मी नाकारत नाही. पण 'अजिबात न पिणारे' यांच्यात कोण कोण बसलेलं होतं? आयुष्यभर पिऊन लिव्हर गेल्यावर डॉक्टरांनी बंद करायला लावलेले लोकही त्याच रांगेत मोजले होते. आपल्या गावात बघा की, आज जो एक थेंब घेत नाही त्यातला एखादा तरी असा असतो ज्यानं वीस वर्षं घेतली आणि आता घेऊच शकत नाही. त्याला निर्व्यसनी माणसांत बसवलं तर निर्व्यसनी माणसं आजारी दिसणारच. आणि थोडी पिणारे तिकडं बहुतेक खाऊनपिऊन सुखी, व्यायाम करणारे, वेळेवर डॉक्टरकडं जाणारे. 2019 मध्ये चीनमध्ये लाखावर लोकांची जनुकं तपासून हे कोडं सोडवायचा प्रयत्न झाला, तिकडं बऱ्याच लोकांना जन्मापासूनच अल्कोहोल पचत नाही म्हणून ते कमी पितात, आर्थिक परिस्थितीचा त्याच्याशी संबंध नाही, आणि तसं तपासल्यावर थोड्या पिण्याचा पक्षाघातापासून बचाव दिसलाच नाही, जितकं जास्त तितका धोका जास्त.

मग वाईनमधलं चांगलं कशात आहे? याचं सगळ्यात सोपं उत्तर बार्सिलोनात 67 पुरुषांवर केलेल्या एका प्रयोगात आहे, 2012 चा. हृदयाचा धोका असलेली माणसं, त्यांना चार आठवडे रेड वाईन, चार आठवडे अल्कोहोल काढून टाकलेली तीच रेड वाईन आणि चार आठवडे जिन, असं आळीपाळीनं दिलं. रक्तदाब नीट उतरला तो फक्त अल्कोहोल काढलेल्या वाईननं. जिननं नाही, नेहमीच्या वाईननंही म्हणावा असा नाही. 67 माणसं म्हणजे काही फार नव्हेत, एका प्रयोगावर घर बांधू नये हे मान्य, पण दिशा कळते ना? अल्कोहोल त्या चांगल्या गोष्टींची गाडी नाही, त्यांच्या पायातली बेडी आहे.

पिण्याला आरोग्याचा शिक्का मारायची हौस जुनी आहे. लुई पाश्चर, ज्यानं यीस्ट जिवंत असतं आणि तेच आंबवतं हे जगाला पटवलं, त्यानंच 1866 मध्ये वाईनला सगळ्यात आरोग्यदायी पेय म्हणलं. पण तो काळ कुठला? युरोपात कॉलरा होता, शहरांचं पाणी घाण होतं, आणि पाण्यापेक्षा वाईन सुरक्षित हे त्या जागी खरंच होतं. आज घरात फिल्टर असताना ते वाक्य उचलून आणायचं? अमेरिकेत 1940 च्या दशकात सिगारेटच्या जाहिरातीत पांढऱ्या कोटातले डॉक्टर असायचे. तेव्हाही लोकांना वाटायचं की डॉक्टर म्हणतायत तर असेल काहीतरी. आता युरोपात 1.2 टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असलेल्या पेयावर आरोग्याचा दावा छापायला कायद्यानं बंदी आहे, आपल्याकडंही एफएसएसएआय या अन्नसुरक्षा संस्थेच्या 2018 च्या नियमांत बाटलीवर आरोग्याचा दावा चालत नाही. जे बाटलीवर छापता येत नाही ते पुढारी भाषणात आणि आपण मोबाईलवर बिनधास्त बोलतो.

आता काकांकडं. दारूच्या विरोधात बोलणाऱ्यांबद्दल मला आदर आहे आणि तो वरवरचा नाही. ज्या महात्मा फुल्यांचं मूळ गाव साताऱ्यातलं कटगुण, त्यांनी 1880 मध्ये पुणे नगरपालिकेत असताना दारूची दुकानं वाढवायला लेखी विरोध केला होता, कारण उत्पन्न सरकारला मिळत होतं आणि घरं गरिबांची बुडत होती. आपल्याकडच्या गावागावात बायकांनी रांगा लावून आडव्या बाटलीला, म्हणजे दारूचं दुकान बंद करायला, मतं दिली ती काही कुणी शिकवलं म्हणून नाही, रोज रात्री जे सोसलं त्यातून दिली. हा मुद्दा एवढा भक्कम आहे की त्याला 'सडवलेलं म्हणजे विष' असल्या कच्च्या आधाराची गरजच नाही. सडणं आणि आंबणं वेगळं. काकांच्या घरात उन्हाळ्यात ज्वारीची आंबील होते, दही रोज लागतं, सकाळी चहाबरोबर पाव असतो. पाव कशानं फुगतो? याच यीस्टनं, त्यातही अल्कोहोल तयार होतं, भट्टीत जवळपास सगळं उडून जातं.

आणि यीस्टनं महाराष्ट्रातल्या बायकांचे जीव वाचवलेत हे किती जणांना माहितीय? 1928 मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या, परळच्या हाफकिन संशोधन संस्थेत राहून काम करत होत्या. मुंबईतल्या गरीब बायका, त्यात गिरणीत काम करणाऱ्या, गरोदरपणात रक्त कमी होऊन मरत होत्या, आणि या गिरण्या सातारा-कोकणातून गेलेल्या माणसांनीच भरलेल्या होत्या. विल्सबाईंनी त्यांच्या घरी जाऊन स्वयंपाक बघितला, काय खातात ते लिहून काढलं, आधी उंदरांवर मग माकडावर प्रयोग केले, आणि शेवटी इलाज सापडला तो मार्माईटमध्ये, ब्रेडला लावतात ते काळं खारट चिकट. 1931 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. मार्माईट म्हणजे काय? इंग्लंडमध्ये बिअर करून झाल्यावर जे यीस्ट उरतं त्याचा अर्क, 1902 पासून तिकडं विकत होते. त्यातला तो गुणकारी पदार्थ म्हणजे फोलेट, एक ब जीवनसत्त्व, हे दहाएक वर्षांनी कळलं. आज आशाताई गरोदर बाईच्या हातात लोहाबरोबर जी फॉलिकची गोळी देते तिची मुळं तिथं आहेत. आता नीट बघा, बिअर पिणारे बिअर पिऊन गेले आणि जीव वाचवणारी गोष्ट उरलेल्या यीस्टमध्ये राहिली होती. यीस्ट आणि दारू वेगळी आहेत याचा यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे? बाळ जन्मल्यावर चोवीस तासांत हिपॅटायटिस बीची लस टोचतात, तीही यीस्टकडूनच बनवून घेतात. काकांच्या नातवालाही टोचलीच असणार.

राहिला शेतकऱ्याचा मुद्दा, आणि तो मला सगळ्यात जवळचा आहे, कारण आमच्या घरातही बाग आहे. अवकाळीनं मणी तडकले की काय होतं, व्यापारी पेट्या भरून नेऊन पैसे न देता गायब झाला की घरात काय वातावरण असतं, हे मला सांगायला नको. वाईननं शेतकऱ्याला हातभार लागत असेल तर मी आडवा येणार नाही. पण खरं सांगा, सांगलीत आपण लावतो ते थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, म्हणजे खायचं द्राक्ष आणि बेदाणा. वाईनचं द्राक्ष वेगळं, कॅबरने, शिराझ, त्याचं क्षेत्र आपल्याकडं थोडं. राज्यानं 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, पलूसला वाईन पार्क उभा राहिला, लोकांनी हौसेनं वाईनच्या जाती लावल्या, आणि 2008-09 च्या मंदीत माल घ्यायला कुणी नाही म्हणून कित्येकांनी त्याच बागांवर कुऱ्हाड चालवली. तेव्हा वाईन कमी औषधी होती का? भाव पडला, करार पाळले गेले नाहीत, म्हणून बागा गेल्या. शेतकऱ्याला करार पाहिजे, वेळेवर पैसे पाहिजेत, मेलाटोनिनचा मेसेज नको. वाईन सुपरमार्केटमध्ये असावी का नको याचा वाद घाला, महसुलावर घाला, परवान्यावर घाला, मोठ्या माणसानं काय प्यावं हे त्याला ठरवू द्यावं का यावर घाला, तो सगळा रास्त वाद आहे. आरोग्य त्यात आणू नका.

आणि यीस्टचं खरंच कौतुक असेल तर मग यीस्टवर पैसे घाला ना. अल्कोहोल काढून टाकायचं तंत्र जगात आहे, कमी तापमानाला व्हॅक्यूममध्ये किंवा मेम्ब्रेनमधून, तसली वाईन आपल्या द्राक्षांची का होऊ नये, ती माळकऱ्याच्याही घरात जाईल. सांगली-कोल्हापूर-साताऱ्यात मायक्रोबायोलॉजीची एवढी पोरं शिकून बाहेर पडतात आणि पुण्याला क्वालिटी कंट्रोलला लागतात, त्यांना इथं काम का नसावं? त्या हंगामात टाक्या रिकाम्या करायचं काम मी रोज बघायचो. वाईन वरून काढून घेतली की तळाला हातभर गाळ राहायचा, जांभळट, दाट, श्रीखंडासारखा, म्हणजे बहुतेक यीस्टच, फोलेट, बाकीची ब जीवनसत्त्वं, प्रथिनं, बीटा-ग्लुकन नावाचा तंतुमय पदार्थ, सगळं त्या पेशींमध्ये. एक कामगार पाईप घेऊन आत उतरायचा आणि दहा मिनिटांत तो सगळा गाळ गटारात जायचा. मी तिथल्या सरांना विचारलं होतं याचं काही करत नाहीत का, तर ते म्हणाले, घेणारं कोण आहे इथं.